केमो चालू असताना अंगावर पुरळ: औषधाची ॲलर्जी की विषाणू? डेकेअरमध्ये ओळखायचं कसं?

डेकेअर_सिस्टर

जिल्ह्याच्या ठिकाणच्या केमो डेकेअरसाठी विचारते आहे. अशा ठिकाणी शहरातल्या रुग्णालयाने ठरवून दिलेली केमो दिली जाते. कॅन्सरतज्ज्ञ रोज नसतात, त्वचेचे डॉक्टर ठरलेल्या दिवशीच येतात. पेशंट पुरळ दाखवतो तेव्हा पहिली नजर नर्सची असते आणि कागदावर बहुतेक वेळा "केमोची ॲलर्जी" एवढंच लिहिलं जातं. सिट्रिझिन आणि एखादं मलम देऊन पेशंट घरी.

मला नर्सिंग स्टाफसाठी भिंतीवर लावायला एक कागद तयार करायचा आहे. लहान मुलांचं नको, मोठ्या माणसांपुरतंच. नेमकं विचारायचं ते असं:

नागीण आणि कांजण्या आम्हाला ओळखता येतात, पण केमोवरच्या पेशंटमध्ये त्या पुस्तकासारख्या दिसत नाहीत म्हणतात. म्हणजे काय काय बदलतं?

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीवर असलेल्यांचे तळहात-तळपाय लाल होतातच. घरातल्या नातवाला हात-पाय-तोंडाचा आजार झालेला असेल आणि आजीला पुरळ आलं, तर फरक कसा करायचा?

मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले दाणे दिसले तर ते मोलस्कम (त्वचेचा साधा विषाणूजन्य आजार) समजून सोडून द्यायचं का?

नमुना कसा घ्यायचा, त्यासाठी जवळ काय ठेवायचं आणि कोणत्या पेशंटला त्याच दिवशी पुढे पाठवायचं?

आणखी एक. गेरूचा लेप लावूनच पुष्कळ पेशंट येतात. खालचं काही दिसत नाही. तो काढायचा कसा?

---

कातडी_बोलते

सिस्टर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. गेरू काढल्याशिवाय निदान करूच नये. गॉजची चार-पाच पदरी घडी कोमट नॉर्मल सलाईनमध्ये भिजवून लेपावर १० ते १५ मिनिटं ठेवा, लेप मऊ होतो आणि गॉजबरोबर उचलला जातो. घासायचं नाही, फोडांची छपरं निघून जातील आणि नमुन्याला काही उरणार नाही. गेरू ही शेवटी माती आहे. पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली असलेल्या माणसाच्या उघड्या जखमेवर माती म्हणजे जंतूंना दार उघडं. घरच्यांना रागावू नका, माणूस वाचावा म्हणूनच त्यांनी ती लावलेली असते. मात्र हे स्पष्ट सांगा.

आता नागीण. नेहमीची नागीण एका नसेच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला, मधली रेघ न ओलांडता येते. लालसर जागेवर दवबिंदूंसारखे फोड, तेही पुंजक्यांनी. केमोवरच्या माणसात चार गोष्टी बदलतात. पट्टे दोन-तीन होतात किंवा दोन्ही बाजूंना येतात. फोडांत रक्त उतरतं आणि ते काळे पडतात. ७ ते १० दिवसांत खपली धरायला हवी, तिथे दोन-तीन आठवडे नवे फोड येत राहतात. आणि मूळ पट्टा व त्याच्या शेजारचे पट्टे सोडून इतरत्र २० पेक्षा जास्त फोड दिसले की ती पसरलेली नागीण. फुप्फुस, यकृत, मेंदू यांना धोका असतो, त्यामुळे गोळ्यांवर घरी ठेवायचं नाही, शिरेतून औषध लागतं.

"नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो" हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. त्याचा तोटा असा की वेढा पूर्ण होत नाही तोवर लोक निवांत असतात. वेढ्याचा जिवाशी संबंध नाही. धोका ठरतो तो फोड किती लांब पसरले, ताप आहे का, दम लागतोय का आणि पेशी किती आहेत यावरून.

एक अवघड प्रकार ध्यानात ठेवा. पोटात भयंकर दुखतं, सोनोग्राफीत काही नाही, यकृताचे आकडे वाढलेले, सोडियम खाली, आणि पुरळ येतं दोन-चार दिवसांनी किंवा येतच नाही. लिम्फोमाच्या पेशंटमध्ये, विशेषतः बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर, हा नागिणीचाच विषाणू असू शकतो. अशा पोटदुखीत रोज पाठ, पोट आणि केसांखालची त्वचा उघडून बघा. एखाददुसरा फोडही पुरेसा पुरावा असतो.

नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी. नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच नसेची फांदी जाते.

हर्पिस सिम्प्लेक्स जास्त फसवतो. निरोगी माणसाला तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात आणि आठवड्यात जातात. केमोत फोड दिसतच नाहीत, थेट व्रण दिसतो. ओठ, माकडहाड, गुदद्वाराभोवतीची जागा इथे महिनाभर न भरणारा, कडा नक्षीसारख्या वेड्यावाकड्या असलेला व्रण असेल आणि फाइलवर "बेडसोर" लिहिलं असेल, तर ते निदान पुन्हा तपासा. बेडसोर हाडाच्या उंचवट्यावर होतो. दोन नितंबांच्या मधल्या घडीत होणारा व्रण दाबाने होत नाही. स्तनाखाली, जांघेत, त्या घडीत ब्लेडने चिरल्यासारख्या सरळ भेगा दिसल्या तरी आधी हर्पिसचा विचार करा, बुरशीचं मलम नंतर. कधी कधी हाच विषाणू व्रणाऐवजी चामखिळीसारखा किंवा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा उंचवटा करतो आणि कॅन्सर पसरला असं समजून सगळे घाबरतात. बायोप्सीशिवाय ठरवू नये.

हात-पाय-तोंडाचा आजार आणि कॅपेसिटाबिनचा हात-पाय त्रास. कॅपेसिटाबिनमध्ये आधी मुंग्या आणि आग, मग लाली, मग सूज आणि साल निघणं. दोन्ही बाजूंना सारखं आणि दाब-घर्षण जिथे पडतं तिथे जास्त: टाच, अंगठ्याखालचा उंचवटा, विळी किंवा कुऱ्हाड धरायची जागा. ताप नसतो. विषाणूच्या आजारात एक-दोन दिवस ताप, घसादुखी, मग राखाडी झाक असलेले लांबट, भाताच्या दाण्यासारखे फोड, लाल कडेचे. ते तळव्यांबरोबर बोटांच्या कडांवर, ओठांभोवती, ढुंगणावर, गुडघ्या-कोपरांवर येतात. कॉक्सॅकी ए-६ नावाचा प्रकार मोठ्यांना जास्त जोरात होतो आणि हातापायांभर पसरतो, कधी कांजण्यांसारखा दिसतो. तोंडातल्या व्रणांवरून मात्र ठरवू नका, केमोनेही तोंड येतंच. आजार गेल्यावर चार-सहा आठवड्यांनी नखं मुळापासून सुटून येतात. डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधानेही नखं बिघडतात, म्हणून मागच्या दोन महिन्यांचा इतिहास विचारा. फरक करायचा कारण असं की चुकून कॅपेसिटाबिनचा त्रास समजलं तर डोस विनाकारण कमी होतो, आणि उलट चूक झाली तर बंद करायला हवं असलेलं औषध चालू राहतं. रिटुक्सिमॅब हे औषध घेतलेल्या पेशंटला मात्र हा विषाणू साधा समजू नका. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असतात, विषाणू महिनोन्‌महिने शरीरात राहतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. डोकेदुखी, गोंधळणं, चालताना झोक जाणं दिसलं तर लगेच कळवा.

मोलस्कम. मुलांमध्ये ते आपोआप जातं, त्यामुळे सोडून द्यायची सवय असते. मोठ्या, प्रतिकारशक्ती घटलेल्या माणसात हेच दाणे १ सेंटिमीटरपेक्षा मोठे, चेहरा-मान-पापण्यांवर शेकड्याने येतात. पण याहून महत्त्वाचं हे की हुबेहूब तसेच, मध्ये खळगा असलेले दाणे क्रिप्टोकॉकस आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशी करतात, आणि त्या जीव घेतात. दाणे आठवड्याभरात झपाट्याने वाढले, सोबत ताप, डोकेदुखी किंवा खोकला असेल, मध्यभागी काळी खपली धरत असेल तर मोलस्कम म्हणून घरी पाठवू नका. रक्तातलं क्रिप्टोकॉकल अँटिजेन आणि एका दाण्याची बायोप्सी, दोन्ही लागतं.

आता एक क्वचित आढळणारा प्रकार, तरी कागदावर एक ओळ द्यावी असं मला मनापासून वाटतं. नाक, कपाळ, हनुवटी, कानाच्या पाळ्यांवर त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणे, प्रत्येकातून पांढुरका काटा वर आलेला. हात फिरवला तर किसणीवर फिरवल्यासारखं लागतं. भुवया विरळ होतात, चेहऱ्याची कातडी जाड होते. हा ट्रायकोडिस्प्लेझिया स्पायन्युलोसा, १९९९ मध्ये वर्णन झालेला आणि २०१० मध्ये ज्याचा पॉलिओमा विषाणू सापडला तो आजार. अवयव प्रत्यारोपण झालेले आणि रक्ताच्या कॅन्सरवर केमो घेणारे यांना होतो. आपल्याकडे भुवया गेलेल्या आणि कान जाड झालेल्या माणसाला आधी कुष्ठरोग म्हटलं जाणार. ते वगळायलाच हवं, कानाच्या पाळीचा स्मिअर काढाच. मात्र स्मिअर निगेटिव्ह आणि त्वचेची संवेदना शाबूत असेल तर तिथेच थांबू नका. सेटुक्सिमॅब या कॅन्सरच्या औषधाचं पुरळही चेहऱ्यावर येतं, पण ते पिकलेल्या मुरुमांसारखं, खाजरं असतं आणि औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत उगवतं. काटे नसतात. निदान झालं तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी करता येतं का ते कॅन्सरतज्ज्ञ बघतात; सिडोफोव्हिरचं १ ते ३ टक्क्यांचं मलम किंवा व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिर वापरून चेहरा पूर्ववत झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

---

काचपट्टी

नमुन्याबद्दल लिहिते. प्रयोगशाळेत येणारे निम्मे स्वॅब कोरडे किंवा चुकीच्या जागेवरून घेतलेले असले की रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि त्यावर विश्वास ठेवून औषध बंद केलं जातं. त्यामुळे हे नीट वाचा.

ताजा, गढूळ न झालेला फोड निवडा, शक्यतो कालपर्यंत नव्हता असा. स्पिरिटने पुसू नका, विषाणू तिथेच मरतो. सलाईनने टिपून घ्या. इन्सुलिनच्या सुईच्या टोकाने फोडाचं छप्पर एका कडेने उचला. पाणी स्वॅबवर शोषून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. विषाणू पाण्यापेक्षा तळाच्या पेशींत जास्त असतो. छप्पर बाजूला करून स्वॅब तळावर दाबून ८-१० वेळा फिरवा. पेशंटला चुरचुरतं, आधी सांगून ठेवा. रक्त यायला लागलं की थांबा. स्वॅब पॉलिएस्टरचा, प्लॅस्टिकच्या काडीचा हवा. लाकडी काडीचा कापसाचा स्वॅब आणि कॅल्शियम अल्जिनेटचा स्वॅब पीसीआरमध्ये (विषाणूचं जनुक शोधणाऱ्या तपासणीत) अडथळा आणतात. मग तो व्हीटीएम नळीत, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या गुलाबी द्रवात, मोडून टाका.

नळी २ ते ८ अंशांत ठेवायची. लसीकरणाची बर्फाची पेटी उत्तम. ४८ तासांत पोचवा. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, अर्धवट गोठून वितळलं की नमुना खराब होतो. फोड सुकून खपल्या धरल्या असतील तर निराश होऊ नका. दोन-तीन खपल्या चिमट्याने काढून कोरड्या निर्जंतुक डबीत टाका. कांजण्या-नागिणीच्या पीसीआरला त्या चांगल्या चालतात.

पीसीआर दूर असेल तर त्झँक स्मिअर जिल्ह्यातही होतो. तळ १५ नंबरच्या ब्लेडने हलकेच खरवडा, काचपट्टीवर पातळ पसरा, हवेत सुकवा, गिम्सा हा रंग चढवा. एकमेकांना चिकटलेल्या अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसल्या की हर्पिस गटाचा विषाणू. नागीण की हर्पिस सिम्प्लेक्स हे त्यातून कळत नाही, आणि जुन्या व्रणात निगेटिव्ह आला तर त्याला किंमत देऊ नका. मोलस्कमसाठी आणखी सोपं: दाण्यातला पांढरा, तांदळाच्या कणीसारखा गोळा दाबून काढा, दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडा, गिम्सा करा. ३० मायक्रॉनच्या आसपासचे अंडाकृती निळे-जांभळे गोळे दिसले की झालं. ते दिसले नाहीत तर त्याच पट्टीवर बुरशी शोधायला सांगा.

बायोप्सी केली तर तुकडा दोन करा. अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा निर्जंतुक सलाईनमध्ये. सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की कल्चर आणि बऱ्याच तपासण्या कायमच्या गेल्या, आणि कमी प्लेटलेटच्या माणसाला दुसऱ्यांदा टोचावं लागतं.

दोन गोष्टी रक्ताबद्दल. आयजीएम-आयजीजी या अँटिबॉडीच्या तपासण्या मागवू नका. अँटिबॉडी तयारच होत नसतील तर निगेटिव्ह येणारच, आणि नुकतं कुणाचं रक्त किंवा आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन) चढवलं असेल तर दुसऱ्याच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह दिसतात. पार्व्हो बी-१९ या विषाणूमध्ये तर ही चूक सर्रास होते: हिमोग्लोबिन सारखं घसरतंय, रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) जवळपास नाहीत, अंगावर जाळीसारखी लाली, आणि आयजीएम निगेटिव्ह. तिथे रक्ताचा पीसीआरच हवा. दुसरं, पू दिसत नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही असं धरू नका. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्याच नसतील तर पू येणार कुठून?

---

औषधपेटी

औषधांचं माझ्याकडून. निर्णय डॉक्टरांचा, पण चुका बहुतेक वेळा देताना होतात.

पसरलेली नागीण किंवा केमोवरच्या माणसाला कांजण्या: असायक्लोव्हिर शिरेतून, दर किलोला १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी. ६० किलोच्या माणसाला एका वेळी ६०० मिलिग्रॅम. ते १०० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये, म्हणजे मिलिलिटरला ७ मिलिग्रॅमच्या खाली, आणि पूर्ण एक तासात. घाईत १५ मिनिटांत सोडलं की औषधाचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतात आणि एक-दोन दिवसांत क्रिएटिनिन चढतं. आधी आणि नंतर सलाईन चालू ठेवा, लघवी मोजा. वजन खूप जास्त असेल तर डोस उंचीला साजेशा वजनावर काढतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) मिनिटाला २५ ते ५० मिलि असेल तर तोच डोस दर १२ तासांनी, १० ते २५ असेल तर दिवसातून एकदा. सिसप्लॅटिन, मेथोट्रेक्सेट, अँफोटेरिसिन किंवा दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक चालू असेल तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. डायक्लोफेनॅक तरी नक्की थांबवता येतं.

हे द्रावण फार अल्कलाइन आहे, पीएच ११ च्या आसपास. केमोने आधीच नाजूक झालेल्या शिरेतून बाहेर झिरपलं तर कातडी जळते. त्यामुळे मनगटाच्या बारीक शिरेत नको, आणि सुईजवळ दर १५ मिनिटांनी नजर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट बरळायला लागला, हातपाय झटकायला लागला, भास होऊ लागले तर मेंदूत विषाणू गेला असं गृहीत धरण्याआधी क्रिएटिनिन करा. औषध साठल्यानेही हेच होतं.

एकाच पट्ट्यातली नागीण, ताप नाही, पेशी बऱ्या, तोंडाने घेता येतंय असा पेशंट असेल तर व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा किंवा असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम पाचदा, कमीत कमी ७ दिवस आणि नवे फोड थांबून खपल्या धरेपर्यंत. "७२ तास उलटले, आता उपयोग नाही" हा नियम निरोगी माणसांसाठी आहे. इथे नवे फोड येत असतील तर आठव्या दिवशीही औषध सुरू करायचं. स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघायची नाही.

असायक्लोव्हिरचं मलम या कामासाठी निरुपयोगी आहे, ते देऊन वेळ घालवू नये. दुकानात मिळणारी स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं तर काढूनच घ्या. लाली आणि खाज दोन दिवस कमी होते, पुरळाचं रूप बदलतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं.

हर्पिसचा व्रण पुरेशा डोसवर ७ ते १० दिवसांत बिलकूल हलला नाही तर औषधाला दाद न देणारा विषाणू असू शकतो. तिथे गोळ्यांचा डोस वाढवत बसू नये. पर्याय फॉस्कार्नेट आहे, आणि ते मोठ्या रुग्णालयातच देता येतं.

---

राईनकाठ_मराठी

औषधपेटी, जर्मनीत नागिणीवर ब्रिव्हुडिन १२५ मिलिग्रॅम रोज एक गोळी, ७ दिवस, असं सर्रास लिहून देतात. इकडे आई-वडील उपचारांसाठी किंवा भेटीला आलेले असतात, भारतातून कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सोबत असतात. त्याबद्दल लिहाल का?

---

औषधपेटी

बरं झालं विचारलंत, हे ठळक लिहायला हवं.

५-एफयू हे केमोचं औषध, किंवा शरीरात जाऊन ५-एफयू बनणारं कॅपेसिटाबिन वा टेगाफुर घेणाऱ्याला ब्रिव्हुडिन कधीही द्यायचं नाही. ब्रिव्हुडिनपासून शरीरात जो पदार्थ बनतो तो ५-एफयू मोडणारं डीपीडी हे एन्झाइम कायमचं बंद पाडतो. नवं एन्झाइम तयार होईपर्यंत ५-एफयू शरीरात साठत जातं: जुलाब, तोंडभर व्रण, पेशी शून्याकडे, आणि मृत्यू. दोन औषधांत किमान ४ आठवड्यांचं अंतर लागतं. कॅपेसिटाबिनच्या मधल्या सुट्टीच्या आठवड्यातही चालत नाही. फ्लुसायटोसिन या बुरशीच्या औषधाबरोबरही हीच बंदी. जपानमध्ये १९९३ साली याच गटातलं सोरिव्हुडिन बाजारात आलं आणि काही आठवड्यांत १५ पेशंट दगावले, ते ५-एफयूच्या गटातली औषधं घेत होते. असायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिरला ही अडचण नाही.

त्वचेच्या किंवा फॅमिली डॉक्टरला पेशंट "कॅन्सरची गोळी चालू आहे" एवढंच सांगतो, किंवा तेही सांगत नाही. गोळ्यांचं पाकीट दाखवायला सांगा. जर्मनीत असाल तर आईच्या पर्समध्ये "कॅपेसिटाबिन चालू, ब्रिव्हुडिन नको" असा जर्मन भाषेतला कागद ठेवा.

---

गोठा_आणि_गाव

पशुवैद्यक आहे. वरची चर्चा चांगली चालली आहे, पण ग्रामीण पेशंटला एक प्रश्न विचारायचाच राहतो: घरी शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी आहेत का, आणि हात कोण घालतं?

शेळ्या-मेंढ्यांना मावा होतो. करडांच्या ओठांवर, नाकपुड्यांभोवती जाड खरबरीत खपल्या येतात. त्याचा विषाणू माणसाचं बोट कापलेलं-खरचटलेलं असेल तिथून शिरतो. ३ ते ७ दिवसांत लाल गाठ, मग मध्ये लाल, भोवती पांढरं कडं आणि बाहेर पुन्हा लाली असं नेमबाजीच्या लक्ष्यासारखं रूप, मग ओलसर, मग खपली. निरोगी माणसात सहा-आठ आठवड्यांत निशाण न ठेवता जातं. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये तेच लिंबाएवढं, मांसल, हात लावला की रक्त येणारं होतं आणि कापून काढलं तरी परत उगवतं. गाठ कॅन्सरची समजून बोट कापल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. कापण्याआधी मावाचा पीसीआर करा. इमिक्विमोड ५ टक्के मलमाने अशा गाठी विरघळल्याच्या नोंदी आहेत. कुर्बानीच्या दिवसांत, करडांच्या हंगामात आणि बाटलीने दूध पाजणाऱ्या बायकांमध्ये हे आवर्जून विचारा. गोठ्यात पडलेल्या कोरड्या खपल्यांत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे "आता शेळ्या बऱ्या झाल्या" हे उत्तर पुरेसं नाही.

म्हशींची देवी हा दुसरा. कासेवर आणि सडांवर फोड येतात, धार काढणाऱ्याच्या बोटांवर, मनगटावर आणि कधी चेहऱ्यावर तसेच फोड, काखेत गाठ, ताप. महाराष्ट्रात याच्या साथी नोंदलेल्या आहेत. १९९२ ते १९९६ मध्ये झाल्या, २००९ मध्ये कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांत माणसांनाही लागण झाली. केमो चालू असेपर्यंत धार दुसऱ्याने काढावी, हे सांगायला संकोच नको. कोणीच नसेल तर हातमोजे, आणि सडांवर फोड असलेली म्हैस शेवटी.

लम्पीबद्दल विचारणा होतेच: लम्पी माणसाला होत नाही.

---

डेकेअर_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. गोठ्याचा प्रश्न आमच्या केसपेपरवर छापून घेणार आहे. दोन शंका राहिल्या. घरात मुलाला कांजण्या निघाल्या आणि केमोवरची व्यक्ती त्याच खोलीत झोपली होती, तर पुरळ येण्याची वाट बघायची का? आणि नागिणीची लस केमो चालू असताना द्यायची का?

---

कातडी_बोलते

वाट बघायची नाही. कांजण्या आपल्या सरकारी लसीकरणात नाहीत, त्यामुळे घरात नातवंडांना निघणं अजून नेहमीचं आहे. मूल पुरळाच्या आधी दोन दिवसांपासून संसर्ग देत असतं, म्हणजे कळेपर्यंत संपर्क झालेलाच असतो. पेशंटला आधी कांजण्या झाल्या होत्या का ते विचारा. झाल्या असतील तर धोका बराच कमी, तरी बोन मॅरो ट्रान्सप्लांट किंवा मोठ्या डोसची केमो असेल तर कॅन्सरतज्ज्ञांना फोन करा. झाल्या नसतील किंवा आठवत नसेल तर दोन मार्ग: संपर्कापासून १० दिवसांच्या आत कांजण्यांविरुद्धचं इम्युनोग्लोब्युलिन, ते न मिळाल्यास आयव्हीआयजी दर किलोला ४०० मिलिग्रॅम; किंवा संपर्काच्या सातव्या दिवसापासून सात दिवस असायक्लोव्हिर वा व्हॅलासायक्लोव्हिर. सातवा दिवस यासाठी की विषाणू रक्तात दुसऱ्यांदा पसरतो तो त्या सुमारास. तारीख कॅलेंडरवर लिहून द्या, तोंडी सांगितलेली विसरली जाते. पुरळ येण्याचा काळ १० ते २१ दिवस, आयव्हीआयजी दिलं असेल तर २८ पर्यंत धरा. आठव्या दिवसापासून या पेशंटला डेकेअरच्या सामायिक हॉलमध्ये बसवू नका. कांजण्या हवेतून लागतात, पडदा ओढून काही होत नाही.

लसीचं असं. जिवंत विषाणूची लस केमोत वर्ज्य. २०२३ पासून भारतात मिळणारी रिकॉम्बिनंट लस जिवंत नाही, ती चालते. दोन डोस असतात, एरवी २ ते ६ महिन्यांच्या अंतराने, प्रतिकारशक्ती घटलेल्यांना १ ते २ महिन्यांनी. केमो सुरू होण्याआधी पहिला डोस बसला तर सर्वांत चांगलं, पण त्यासाठी केमो पुढे ढकलायची नाही. महाग आहे, सगळ्यांना जमणार नाही. मायलोमा या बोन मॅरोच्या कॅन्सरच्या पेशंटला बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर लस असो-नसो, असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे ना, हे प्रत्येक भेटीत तपासा. बोर्टेझोमिबच्या मोठ्या चाचणीत १३ टक्के पेशंटना नागीण झाली, तुलनेच्या गटात ५ टक्के. गोळी स्वस्त आहे आणि "ही कशाला" म्हणून हीच सगळ्यात आधी बंद केली जाते.

त्याच दिवशी पाठवायचे पेशंट, तुमच्या कागदासाठी: पुरळ आणि एकदा १०१ किंवा तासभर १००.४ फॅरनहाइट ताप. एकापेक्षा जास्त पट्टे किंवा लांबवर फोड. नाकाचा शेंडा, डोळा, कानाच्या आतले फोड. दम, गोंधळणं, जबर पोटदुखी. झपाट्याने वाढणारे खळग्याचे दाणे. आणि लाल कड्याच्या मध्ये काही तासांत काळा पडत जाणारा डाग. तो विषाणूचा नसतो, बहुतेक वेळा स्युडोमोनास हा जंतू रक्तात शिरल्याची खूण असते. रक्ताचं कल्चर घेऊन पहिलं अँटिबायोटिक तुमच्याकडेच द्या, मग गाडी.

---

काचपट्टी

सिस्टर, स्टाफबद्दल एक. ज्यांना कांजण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, किंवा जी गरोदर आहे, अशा नर्सला नागीण-कांजण्यांच्या पेशंटची ड्युटी देऊ नका. एका पट्ट्यातली नागीण पसरलेली नाही याची खात्री झाली की ती कोरड्या गॉजने पूर्ण झाकून बहुतेक काम भागतं. पसरलेली असेल तर वेगळी खोली, दार बंद आणि एन-९५. हात-पाय-तोंडाच्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच हवं. टेबल, कॉट, संडासाचे नळ पुसायला ५ टक्क्यांच्या ब्लीचचं २० मिलि एका लिटर पाण्यात, रोज ताजं. दुपारनंतर उरलेलं ओतून द्या.